बेताचा उजेड

दादाने फ्लॅशची पॉवर शेवटच्या टोकाला नेली, "डोळे सांभाळ," म्हणाला आणि बटण दाबलं.

फट्ट असा आवाज झाला. सगळी खोली क्षणभर चुन्यात बुडवून काढल्यासारखी पांढरी झाली. खिडकीच्या गजांवरची कबुतरं फडफडत उडाली आणि समोरच्या इमारतीतले हणमंतराव टेलर शिवणाचं मशिन सोडून गॅलरीत आले.

"तांबट, काय उडालं का हो? वायर जळाली?"

"काही नाही काका, नवीन लाईट बघतोय!" दादा खिडकीतून ओरडला. मग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू तो लाईट त्याने स्वतःच घडवला होता. "बघितलंस वृंदे? याला म्हणायचं लाईट. हजार वॅट. सगळं गाव बसव समोर, शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या मिशा मोजता येतील."

बरीच वर्षं झाली त्याला. मी नुकतीच पुण्याहून कराडला परत आले होते. पुण्यात एका जाहिरातवाल्या फोटोग्राफरच्या हाताखाली मी काम केलं होतं. इकडे बाबा गेल्यावर आमचा स्टुडिओ दादाने एकट्याने तगवला, तो लग्नं, शाळांचे वर्गफोटो आणि गणेश मंडळांच्या जिवावर. खोलीतले जुने हॅलोजन दिवे गंजून गेले होते. आता मी आले आहे म्हटल्यावर दोघांनी मिळून स्टुडिओ नव्याने उभा करायचा ठरवलं. दादा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "खोलीतलं सगळं तू ठरवायचं. मी बाहेरचं बघतो." हे बोलून झाल्यापासून तो खोलीतल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत देत होता.

कोल्हापूरच्या गुंजाळांकडून आम्ही फ्लॅशच्या दोन जोड्या बघायला आणल्या होत्या. एक जोडी हजार वॅटची, जड, मागे पंखे असलेली. दुसरी दोनशे वॅटची, डब्याएवढी. शनिवारी गुंजाळांचा माणूस येणार, जी जोडी नको ती घेऊन जाणार. दोन्ही ठेवण्याची ऐपत नव्हती.

"आता माझाच एक फोटो काढ," दादा स्टुलावर बसत म्हणाला. "पासपोर्टला होईल."

मी मोठ्या लाईटला उजेड पसरवणारी पांढरी छत्री लावली, पॉवर पार खाली आणली आणि फोटो काढला. आमची खोली लांबीला तोकडी, छतही खाली. लाईट मागे सरकवायला जागाच नव्हती. फोटोत दादाचं कपाळ चकाकत होतं आणि मागच्या भिंतीवरचा ओलीचा डागसुद्धा त्याच्या इतकाच ठसठशीत आला होता.

"भिंत रंगवून घेऊ," दादा म्हणाला.

"भिंतीचं नाही रे. याची सगळ्यात कमी पॉवरसुद्धा या खोलीला जास्त होतेय."

"जास्त असलं तर कमी करता येतं. कमी असलं तर कुठून आणणार?"

"हेच तर सांगतेय, कमी करता येत नाहीये."

"वृंदा, लाईट घेताना तो जास्तीत जास्त किती जातो ते बघतात. मंद किती होतो हे देव्हाऱ्यातल्या समईला विचारायचं असतं."

मी लाईट बंद केला. तो सोळा वर्षांचा असल्यापासून खांद्यावर बॅग लटकवून लग्नं काढत होता. त्या लहान जोडीच्या बाजूने माझ्याकडे फक्त एक अंदाज होता, आणि अंदाजावर घरातल्या मोठ्या माणसाशी किती भांडायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात पावलं वाजली. आधी एक उंच, किडकिडीत माणूस वर आला. दारातच थांबून त्याने मागे हात दिला. त्याच्या मागून काळा चष्मा, लांब बाह्यांचा कुडता आणि हातात मिटलेली छत्री घेतलेली एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. केस पिवळसर पांढरे, भुवयाही पांढऱ्या, त्वचा फिकट गुलाबी.

"तांबट फोटो हेच ना?" तिने विचारलं. आवाज खणखणीत होता. "मी निवेदिता आवटे. इथल्या कोर्टात वकिली करते. हे डॉक्टर अभय रणनवरे. गुरांचे डॉक्टर आहेत, पण पुढच्या महिन्यात लग्न माझ्याशी करतायत."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. दादाने घाईघाईने खुर्च्या पुसल्या.

"आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुम्ही विचारू की नको करत बसणार नाही," निवेदिता म्हणाली. "हे कोड नाही. जन्मापासून अंगात रंगच कमी. शाळेत मला भुरी म्हणायचे. डोळ्यांनाही रंग नाही, त्यामुळे उजेड सहन होत नाही आणि नजरही कमी आहे. अशा माणसाचा डोळे उघडे असलेला फोटो तुम्हाला काढता येईल का?"

"का नाही येणार?" दादा म्हणाला.

"आजवर आलेला नाही म्हणून विचारतेय. बालवाडीपासून माझा एकही फोटो डोळे उघडे असलेला नाही. वर्गाचा फोटो घ्या, पदवीचा घ्या, सगळीकडे मी झोपलेली. भावाच्या लग्नात तर फोटोवाल्याने स्टेजवरून, माईकवरून सांगितलं, 'पांढऱ्या ताई, डोळे उघडा.' सगळा हॉल हसला. त्या दिवशी ठरवलं, माझ्या लग्नात कॅमेरा नको."

"आणि आमच्या आईने अंथरूण धरलं," डॉक्टर पहिल्यांदाच बोलले. "मी एकुलता एक आहे. लग्नाचा एकही फोटो नाही म्हटल्यावर... तिचंही चूक नाही."

"मी कुठे चूक म्हटलं? म्हणून तर तडजोड केली." निवेदिता माझ्याकडे वळली. "अट अशी आहे. लग्नाआधी एक फोटो. एकच. डोळे उघडे आले, तर लग्नात फोटोग्राफर येईल. नाही आले, तर सासूबाई पुन्हा विषय काढणार नाहीत. दोन ठिकाणी झालं नाही. हे तिसरं. चौथ्या ठिकाणी मी जाणार नाही."

मी खिडक्या लावल्या, पडदे ओढले. एक मिणमिणता दिवा कोपऱ्यात ठेवला. खोली अंधारी झाल्यावर तिने चष्मा काढला. मिचमिचत का होईना, तिने डोळे उघडले. बुबुळं हलकेच इकडून तिकडे हलत होती.

"हलतात ती," ती म्हणाली. "थांबवता येत नाहीत."

"त्याची काळजी सोडा," दादा म्हणाला. "फ्लॅश इतका झटक्यात होतो की हलणारं सगळं जागच्या जागी गोठतं. आणि तुमची पापणी मिटेपर्यंत फोटो निघून गेलेला असतो. त्यासाठीच तर हे लाईट." एव्हाना त्याने मोठ्या लाईटला छत्री लावली होती. पॉवर तळाला आणली होती. बोलत होता ते खोटंही नव्हतं.

मी कॅमेरा उचलला. "तयार?"

"काढा."

फट्ट.

निवेदिताच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला आणि तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. डॉक्टर उठून तिच्याजवळ गेले, पण हात लावला नाही, नुसते शेजारी उभे राहिले. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. डोळे उघडे होते, दादा म्हणाला होता तसेच. पण तो डोळ्यांचा फोटोच नव्हता. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने काढावं तसं नाक, ओठ, पापण्या सगळं उजेडात वाहून गेलं होतं.

कॅमेऱ्यातून जेवढा उजेड कमी करता येत होता तेवढा केला. पुन्हा प्रयत्न केला. आता फोटो कधी निघणार ते तिला आधीच कळत होतं. मी श्वास रोखला की तिचे डोळे गच्च मिटायचे. तीन-चार वेळा तसंच झालं.

"राहू दे," ती शांतपणे म्हणाली आणि चष्म्यासाठी हात चाचपडू लागली. "तुम्ही प्रयत्न केलात. मला सवय आहे."

दादाने माझ्याकडे बघितलं. मग त्याने मोठ्या लाईटची वायर भिंतीतून काढली. एवढंच. पण मला ते पुरेसं होतं.

"वकीलबाई, पंधरा मिनिटं देता का?" मी म्हटलं. "या वेळी बटण तुम्ही दाबायचं."

चष्मा घालता घालता ती थांबली. "म्हणजे?"

मी लहान लाईट आणला. त्याच्यापुढे सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाची मोठी पेटी, लावली. दादाने न सांगता आतून बाबांचं जुनं मलमलचं धोतर आणलं आणि त्याची दुहेरी घडी त्यावर पसरली. मग मी निवेदिताला लाईटच्या मागच्या बाजूला बोलावलं.

"हे चाक पॉवरचं. फिरवलं की टिक असं लागतं. आत्ता पार खाली आहे. हे बटण दाबलं की लाईट पडतो. उजेड तिकडे, भिंतीवर जाईल. तुम्ही लाईटच्या मागेच राहा."

तिने बोटांनी चाक चाचपलं, वाकून नाकाजवळ नेऊन बघितलं आणि बटण दाबलं. भिंतीवर काजवा चमकावा इतका उजेड झाला.

"एवढाच?"

"एवढाच. आता हवं तर एक टिक वाढवा. तुमच्या हातावर पाडून बघा."

तिने हात पुढे धरला, बटण दाबलं. आणखी एक टिक. पुन्हा हात. मग तिने स्वतःच स्टूल सरकवलं, लाईटसमोर बसली आणि मला म्हणाली, "लांब वायरचं बटण नाही का याला? माझ्या हातात द्या."

कॅमेरा आणि लाईट दोन्ही एकदम चालवणारं, लांब वायरचं बटण मी तिच्या हातात दिलं. तिने एकदा दाबलं. पापण्या थरथरल्या. पुन्हा दाबलं. "चालतंय. वाढवा एक." मी वाढवला. "अजून एक." वाढवला. तिने दाबलं आणि मान मागे घेतली. "नाही. याच्या आधीचा. तिथपर्यंत मी येते, पुढे नाही."

"ठरलं. तिथेच ठेवते."

"पण तेवढ्यात तुमचं भागेल का?"

"तुम्ही तुमचं सांगितलंत. आता बाकीचं कॅमेऱ्याने बघायचं," मी म्हटलं आणि थोडक्या उजेडातही भागावं म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड सताड उघडलं.

अडचण एकच राहिली. भिंग इतकं उघडल्यावर फोकस नेमका डोळ्यांवर जुळवणं अवघड, आणि त्या अंधारात मला तिचे डोळे नीट दिसतच नव्हते. दादाने खिशातली छोटी बॅटरी काढली, रुमालात गुंडाळली आणि फरशीवर मांडी घालून बसला. बॅटरीचा ठिपका त्याने तिच्या गळ्यातल्या मोत्यांवर धरला. "इथून वर किती ते तू बघ," मला म्हणाला. "वकीलबाई, डोळ्यांकडे येत नाही ना?"

"नाही. गुदगुल्या होतायत फक्त."

"बॅटरीने?"

"तुम्ही पूजेला बसल्यासारखे बसलायत त्याने."

डॉक्टर हसले. त्यांचं हसू आवाज न होणारं होतं, नुसते खांदे हलायचे. निवेदिताने त्या दिशेला मान वळवली. "काय हो, आईंना काय सांगितलंत निघताना?"

"सांगितलं, म्हशीला इंजेक्शन द्यायचंय कराडला."

"मला म्हैस म्हणालात?"

"नाही, म्हणजे... म्हैस दुसरी..."

ती मोठ्याने हसायला लागली आणि हसता हसताच तिने बटण दाबलं. उजेड पडला. हसू थांबलं नाही. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मी नुसता कॅमेरा हलू न देता उभी होते. केव्हा काढायचा हे माझ्या हातात नव्हतंच.

मग मी पडद्यावर बघितलं आणि दादाला खुणावलं. दादा गुडघ्यावर हात टेकून उठला, माझ्या खांद्यावरून वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"आले?" निवेदिताने विचारलं. पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झाला होता.

मी संगणकावर फोटो लावला, पडद्याचा उजेड कमी केला आणि तिला खुर्ची दिली. ती अगदी नाक टेकेल इतकी जवळ गेली. फोटोत ती थोडी वळून, डॉक्टर होते तिकडे बघत हसत होती. डोळे पूर्ण उघडे. पावसाळी आभाळ असतं तसा करडा रंग, त्यात जांभळ्याची छटा. पापण्यांचे पांढरे केस एकेक सुटे दिसत होते. मागची भिंत अंधारात विरून गेली होती.

तिने फोटोचा डावा डोळा बघितला, मग मान हलवून उजवा बघितला. नंतर केस, कान, हनुवटी. कुणा अनोळखी माणसाची ओळख करून घ्यावी तसं.

"मी अशी बघते होय तुमच्याकडे?" शेवटी तिने डॉक्टरांना विचारलं.

"रोज," डॉक्टर म्हणाले.

तिने चष्मा घातला. त्याच्या आत बोट घालून तिने डोळे पुसले, आणि आम्ही ते बघितलंच नाही असं दाखवलं. मग ती उठली आणि पूर्वीच्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "एक मोठा प्रिंट आईंसाठी. गोरी करू नका हं मला, आहे तेवढी पुरे. आणि लग्नाला तुम्ही दोघंही यायचंय. हे चाक घेऊन."

शनिवारी गुंजाळांचा माणूस आला तेव्हा मी मनाची तयारी करून बसले होते. दादाशी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. पण तो मला ओलांडून पुढे गेला, हजार वॅटचे दोन्ही लाईट स्वतः खोक्यांत भरले आणि खोकी जिन्याने खाली नेऊन टेम्पोत ठेवली. वर येऊन घाम पुसत म्हणाला, "लई जड होते गं. आपल्या वयाला झेपत नाहीत."

"आणि मंडळांचे ग्रुप?"

"देवाने सूर्य कशाला दिलाय? अंगणात काढू." मग चहाचा कप उचलता उचलता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या मुलीला चाक फिरवताना मी बघत होतो. इतकी वर्षं धंदा करतोय, पण उजेड किती पाडू हे समोर बसलेल्याला मी कधी विचारलं नव्हतं. विचारतात, असं डोक्यातच आलं नाही."

लग्न फलटणला होतं. आम्ही आदल्या दुपारीच पोचलो. लहान लाईट आम्ही स्टेजच्या दोन कोपऱ्यांत छताकडे तोंड करून लावले, म्हणजे उजेड छताला आपटून मऊ होऊन खाली येईल. संध्याकाळी निवेदिता हळदीच्या अंगानेच हॉलमध्ये आली, स्टेजवर उभी राहिली आणि मी एकेक टिक वाढवत गेले. "बस," ती म्हणाली तिथे मी चाकावर चिकटपट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या मुहूर्ताला, घोटाळा व्हायची वेळ आलीच. डॉक्टरांच्या मामांनी कुणालाही न विचारता व्हिडिओवाला आणला होता आणि त्याच्याजवळ डोक्याएवढा हॅलोजन होता. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेताला त्याने तो पेटवला. अंतरपाटाच्या पलीकडे निवेदिताने मान खाली घातली. मी स्टेजवर अडकलेली. तेवढ्यात दादा गर्दीतून सरळ त्याच्याकडे गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. हॅलोजन विझला. नंतर दादा मामांकडे गेला, त्यांच्या कानाला लागला. मग मामाच रुबाबात हॉलभर फिरले, "कुणी फ्लॅश मारायचा नाही! मोबाईलचासुद्धा नाही! नवरीचा हुकूम आहे!"

"काय सांगितलंस त्यांना?" मी नंतर विचारलं.

"म्हटलं, मामा, एवढ्या लोकांना आवरायला आवाज लागतो. तो तुमच्याकडेच आहे."

अंतरपाट दूर झाला तेव्हा निवेदिताने चष्मा काढलेला होता. तिने मान वर केली आणि डॉक्टरांकडे नीट बघितलं. मी फोटो काढला. अक्षतांचा वर्षाव चालू होता आणि डॉक्टरांच्या आई पहिल्या रांगेत रडत, हसत, शेजारणीला कोपराने ढोसत होत्या, "उघडलेत बघ. बघ की गं, उघडलेत."

राहिला तो सगळ्या घरादाराचा ग्रुप. दोन्हीकडची माणसं धरून भला मोठा घोळका. आमच्या लहान लाईटांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतंच. दादाने सगळ्यांना थांबवून ठेवलं. कुणी कुरकुरलं त्याला आईस्क्रीम दिलं. सूर्य पार बुडाला, आभाळ नुसतं उजळ राहिलं, कुणाचीच सावली पडेना, तेव्हा त्याने सगळ्यांना हॉलमागच्या मोकळ्या मैदानात नेलं. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, पोरं खाली सतरंजीवर. निवेदिता मध्यभागी, चष्म्याशिवाय, वाऱ्याने उडणारा शेला सावरत. दादा स्टुलावर चढला. मी निवेदिताच्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि बाजूला झाले.

"सगळे इकडे बघा," दादा ओरडला. "हं. एक, दोन..."

कॅमेरा स्टॅण्डवर लावलेला होता. त्याने एकच फोटो काढला, समाधानाने मान हलवली आणि माणसं पांगलीसुद्धा. जेवणाच्या पंगती वाट बघत होत्या.

आठवड्याने निवेदिता आणि डॉक्टर फोटो बघायला कराडला आले. सासूबाईही आल्या होत्या. मी ग्रुपचा फोटो लावला. निवेदिता पडद्याला नाक लावून रांगेने एकेक माणूस बघत गेली. खाली बसलेली पोरं, सासरचे काका, माहेरचा भाऊ. स्वतःपाशी आली, थबकली, खूष झाली. मग एक बोट बाजूला सरकली आणि खुर्चीतच मागे रेलून हसायला लागली. इतकी हसली की सासूबाई घाबरून पुढे झाल्या.

एवढ्या घोळक्यात एकाच माणसाचे डोळे मिटलेले होते. नवरदेवाचे.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "वृंदाताई, याचे उघडे डोळे दुसऱ्या फोटोतून आणून इथे लावता येतात म्हणे. लावून टाका की."

"येतात," मी म्हटलं.

"अजिबात नाही," निवेदिता डोळे पुसत म्हणाली. "जसा आहे तसा हवाय. मोठा करा, फ्रेम करा, दिवाणखान्यात लावायचाय." आणि नवऱ्याकडे वळून, स्टेजवरून बोलावं तसा आवाज काढून म्हणाली, "डॉक्टर, डोळे उघडा!"

डॉक्टरांचे खांदे हलू लागले. दादाने मागचं पुढचं न बघता सगळ्यात मोठ्या आकाराची फ्रेम फळीवरून खाली काढली.